पाहुणे असले की चालणारा एसी

माझा स्वभाव चिडका आहे, हे आधीच सांगून टाकते. मशीन बिघडलं म्हणून मला राग येत नाही. मशीन आहे, बिघडणारच. पण घरच्यांना रडवणारं मशीन माझ्यासमोर शहाण्या बाळासारखं चालायला लागलं की माझं डोकं फिरतं. कंपू मोहल्ल्यातल्या त्या घराच्या एसीनं ते असं काही फिरवलं की मी इरेलाच पेटले.

मी एसी दुरुस्त करते. शिंदे की छावनीत माझं छोटं वर्कशॉप आहे. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला, बरीच वर्षं एका सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरी केली आणि मग म्हटलं, आता दुसऱ्यांच्या शिव्या पुरे, स्वतःच्या खाऊ. आमचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेतून इकडे उत्तरेत आलेले घोडेस्वार होते म्हणे. मी स्कूटरवर शिडी बांधून फिरते. सुरुवातीला लोक दार उघडून माझ्या पाठीमागे बघायचे, मेकॅनिक कुठाय म्हणून. आता नाही बघत कुणी.

एप्रिल संपत आला होता, लूचा गरम वारा सुरू झाला होता, तेव्हा काकूंचा फोन आला. ओळख ना पाळख. कुणाच्या तरी हळदीकुंकवात त्यांना माझा नंबर मिळाला होता. “अगं, तू आपली मराठी ना? मग येच बाई आता. कंपनीवाले सगळे येऊन गेले, आमचे हात टेकले.” एसी मधेच बंद पडायचा. इनडोअरवर, म्हणजे खोलीतल्या डब्यावर, एक कोड लुकलुकत राहायचा. मेन स्विच बंद करून चालू केला की थोडा वेळ बरा, मग पुन्हा तेच. कंपनीची माणसं आली, कोड बघितला, म्हणाली गॅस कमी झालाय, आणि गॅस भरून गेली. पुढच्या खेपेला पुन्हा गॅसच तपासला. आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी, दुसरं काय!

मी गेले. काकूंनी दारातच माझा हात धरला. “आलीस का गं? उन्हाची आलीस, आधी पाणी पी.” मग गूळ, पाणी, पन्हं. हॉलमध्ये कूलर घरघरत होता, तो त्यांनी झटकन बंद केला, मला आतल्या खोलीत नेलं, दार लावून घेतलं. “बस, इथं गार आहे.”

त्या खोलीत पलंगावर काका होते. साठीचे, रुंद खांद्यांचे, मिशी नीट कातरलेली. शाळेत पीटी शिकवायचे. तीन वर्षांपूर्वी स्कूटरला कुत्रं आडवं आलं आणि मानेचा मणका गेला. मानेखाली सगळं शांत. हात जेमतेम हलतात, बोटं नाहीत. आवाजही छातीतून येत नाही, ओठांवरच राहतो, जवळ गेलं तर कळतो. आणि ज्याची मला कल्पनाच नव्हती ती गोष्ट काकूंनी सांगितली: काकांना घाम येत नाही. अंग तापलं की तापतच जातं. एसी दुपारी बंद पडला तर थोड्या वेळात त्यांना सणसणून ताप भरतो, ओल्या चादरी गुंडाळून बसावं लागतं, एकदा तर दवाखान्यात न्यावं लागलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, एसी म्हणजे ह्यांचं औषध समजा.

“आणि हे औषध मधेच संपतं,” काका म्हणाले. “लेक पुण्याला ये म्हणते. तिथं उन्हाळा बरा. मी म्हटलं, इथं वारलो तरी चालेल.”

“काहीतरी बोलू नका,” काकू म्हणाल्या.

लेकीनं ठरवून टाकलं होतं. एसी एवढ्यात सुधारला नाही, तर ती येऊन दोघांना घेऊन जाणार, आणि ते काही महिनाभरासाठी नव्हे. घर बंद करून. काकांना जायचं नव्हतं. सकाळी दोन जुने विद्यार्थी येऊन त्यांच्या हातापायांचा व्यायाम करून घ्यायचे. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण खिडकीशी थांबून ‘सर, नमस्ते’ म्हणायचा. पुण्यात आठव्या मजल्यावर कोण थांबणार होतं?

मी एसी उघडला. व्होल्टेज बघितलं, स्टॅबिलायझर बघितला, आउटडोअरला जाणाऱ्या तारांचे जोड घट्ट केले, पंखा बघितला, गॅसचं प्रेशर बघितलं. सगळं ठीक. एसी असा गार हवा सोडत होता की मलाच शाल मागावीशी वाटली. तोवर काकूंनी पोहे आणले, वर ओलं खोबरं, शेव. काकांनी मला छावनीतल्या सगळ्या मराठी घरांची चौकशी केली. त्यांचं बोलणं ऐकायला मी पलंगाशी खुर्ची ओढून बसले. फार छान वेळ गेला, आणि बिघाड काही दिसला नाही.

मी घरी पोहोचले नाही तोच फोन. “अगं, बंद पडला.”

दुसऱ्यांदा गेले तेव्हा मी मनात ठरवूनच गेले होते की तो कोड बघितल्याशिवाय उठायचं नाही. पुन्हा तेच स्वागत. कूलर बंद, दार बंद, या खेपेला थालीपीठ. मेन स्विच चालू केला तसा एसी चालू झाला आणि चालूच राहिला. मी कार्ड तपासलं, म्हणजे इनडोअरचा मेंदू. कुठं जळकं नाही, फ्यूज ठीक, रिले टकटक वाजतोय. बसून बसून माझे पाय आखडले. काका हसले. “तू आलीस की हा वर्गातल्या टारगट पोरासारखा हाताची घडी घालून बसतो. इन्स्पेक्शन संपलं की पुन्हा धिंगाणा.”

मलाही हसू आलं, पण परत जाताना स्कूटरवर मी स्वतःशीच भांडत होते. आजवर मला माहीत असलेला प्रत्येक बिघाड कशावर तरी अवलंबून असतो. उन्हावर, व्होल्टेजवर, उंदरावर. हा पाहुण्यांवर अवलंबून कसा असेल? यंत्राला काय कळतं कोण आलंय ते!

त्याच आठवड्यात लेक पुण्याहून आली. तिकिटं काढूनच आली होती. काकूंचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज अगदी सपाट होता. “उद्या निघतोय गं. तू फार धावपळ केलीस. तुला सांगावं म्हणून फोन केला.”

“उद्या ना? मग आज आहे की,” मी म्हटलं. “काकू, मी येतेय. पण आज मी पाहुणी नाही. मागच्या दारानं येणार, स्वयंपाकघरात बसणार. पाणी देऊ नका, पोहे करू नका, माझ्याशी बोलूही नका. मी आलेच नाही असं समजून रोज दुपारी जे करता ते करा.”

“असं कसं गं? घरी आलेल्या माणसाला...”

“काकू!” मी जवळजवळ ओरडलेच. “तुमच्या पाहुणचारानंच तो एसी शहाणा होतो. काहीतरी आहे, जे तुम्ही मी आल्यावर करता आणि एरवी करत नाही. किंवा एरवी करता आणि मी आल्यावर करत नाही. ते मला बघायचंय.”

काकूंना ते किती जड गेलं, काय सांगू. मी ओट्याच्या कोपऱ्यात स्टुलावर बसले होते आणि त्या भाजी चिरता चिरता सारख्या माझ्याकडे चोरून बघत होत्या. एकदा तर पन्ह्याचा ग्लास भरून माझ्या शेजारी ठेवलाच आणि ‘हा माझा आहे’ म्हणाल्या. लेक हॉलमध्ये बॅगा भरत होती. तिला माझा हा प्रकार मुळीच पसंत नव्हता. “ताई, इतने लोग देख के गए, आता शेवटच्या दिवशी काय मिळणार?”

“मिळेल नाहीतर नाही मिळणार. तू बॅग भर.”

आणि मग मला दिसलं. दिसलं म्हणजे काय, समोरच होतं. हॉलच्या खिडकीत तो मोठा पत्र्याचा कूलर पूर्ण जोरात चालू होता, तिन्ही बाजूंना ओली घास, म्हणजे गवताच्या गाद्या. त्याच्या सरळ समोर काकांच्या खोलीचं दार, सताड उघडं. त्या दाराच्या समोरच्या भिंतीवर इनडोअर. कूलरचा ओला वारा हॉल ओलांडून थेट इनडोअरवर जात होता. भिंतीवरचं कॅलेंडर त्या वाऱ्यानं फडफडत होतं.

मी आले की काय व्हायचं? कूलर बंद, कारण त्याच्या घरघरीत काकांचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही, आणि पाहुणे आले की काकांना गप्पा मारायच्या असतात. दार बंद, कारण पाहुण्याला गार वाटलं पाहिजे. कंपनीची माणसं आली तरी हेच, मी आले तरी हेच. दाराला कुलूप घालून चोर शोधत होतो सगळे!

जेवणं झाली. काकू ओटा आवरत होत्या तेव्हा आतून टिंग झालं आणि इनडोअरचा दिवा लुकलुकायला लागला. काकू सवयीनं मेन स्विचकडे धावल्या.

“काही बंद करू नका!” मी किंचाळले. “कुणी कशाला हात लावू नका!”

मी शिडीवर चढले. हे आता सोपं करून सांगते. इनडोअरमध्ये गार नळ्यांची जाळी असते, तिला आम्ही कॉइल म्हणतो. तिच्यावर एक बोराच्या बीएवढा सेन्सर असतो. कॉइल किती गार आहे, ते तो कार्डाला कळवतो. कम्प्रेसर चालू असून कॉइल गार होत नसेल, तर कार्डाला वाटतं गॅस गेला, आणि कम्प्रेसर जळू नये म्हणून ते सगळं थांबवतं. मी हात लावला तर कॉइल अजून बर्फासारखी. मीटर लावला तर कार्डाला मिळणारा निरोप असा, की कॉइल खोलीपेक्षा गरम! मेन स्विच पाडून सेन्सरचा प्लग उपटला आणि नुसता सेन्सर मोजला. तो बिचारा खरंच सांगत होता. म्हणजे खोटेपणा मधल्या प्लगमध्येच होता. टॉर्च मारला. आपलं पाणी किती खारं आहे ते सगळ्यांना माहीत आहे, कूलरच्या पत्र्यावर पांढरे थर चढतात. तेच खारं पाणी तुषारांतून उडून त्या प्लगच्या पिनांवर हिरवं होऊन बसलं होतं. कोरडं असताना काही नाही. कूलरचा दमट वारा येऊन गार डब्यावर दव धरलं, की ते ओलं व्हायचं आणि त्यातून वीज झिरपायची.

“हेअर ड्रायर आहे का गं?” मी लेकीला विचारलं.

तिनं भरलेली बॅग उघडून तळातला ड्रायर काढून दिला. मी प्लग वाळवला, जागेवर बसवला, स्विच चालू केला. कार्डाला मिळणारा निरोप बरोबर. एसी सुरू.

मला इतका आनंद झाला की मी शिडीवरूनच टाळी वाजवली. “सापडला, काका! सापडला चोर!”

काकांनी ओठ हलवले. मी खाली उतरून कान नेला. “आता काय करायचं?”

“काही नाही. कूलर चालू असताना हे दार बंद ठेवायचं.”

मला वाटलं होतं, एवढं सोपं उत्तर ऐकून माणसं खूश होतील. काकूंनी हातातलं फडकं नुसतंच घडी घालून पुन्हा उलगडलं.

“ते नाही जमायचं गं,” त्या म्हणाल्या.

त्यांनी मला ओट्याशी नेऊन उभं केलं. तिथून हॉलमधून, उघड्या दारातून, उशीवरचं काकांचं तोंड दिसत होतं. काकांना हाक मारता येत नाही. बेल दाबता येत नाही. काही हवं असलं, कफ अडकला, माशी बसली, की ते मान काकूंकडे वळवतात, आणि ह्या गॅस बारीक करून जातात. दोन वर्षं असं चाललं होतं. लेकीनं पुण्याहून कॅमेरा पाठवला होता, तो खोक्यातच पडून होता.

“मग कूलरच बंद ठेवते,” काकू म्हणाल्या. “मला कशाला हवाय?”

यावर काका बोलले आणि या खेपेला कान न नेताही ऐकू आलं. “नाही. ह्या उन्हात तू ओट्यापाशी भाजणार आणि मी इथं गारव्यात पडणार? त्यापेक्षा चला पुण्याला.” दम लागला म्हणून थांबले, मग म्हणाले, “आणि दार लावायचं नाही. दवाखान्यात वर्षभर दार लावलेल्या खोलीत होतो. पुरे झालं.”

लेक भिंतीला टेकून उभी होती. “तेच तर म्हणते मी,” ती हळूच म्हणाली. “चलो ना, बाबा.”

दाराला काच बसवता आली असती, पण सुतार कधी येणार आणि गाडी उद्याची. मी म्हटलं, थांबा. दार उघडं राहील, कूलरही चालेल, आणि एसीही. मला आजची दुपार द्या. न जमलं तर मीच स्टेशनवर सोडायला येते. मला खरं तर खात्री नव्हती, पण इतकं कळलं होतं की आता मागं फिरणं माझ्यानं होणार नाही.

मी कार्ड काढून ओट्यावर घेतलं. हिरवं सगळं ब्रशनं घासून, द्रावणानं धुऊन काढलं, ड्रायरनं खडखडीत वाळवलं. तो प्लग कापूनच टाकला. नवा सेन्सर घेऊन त्याच्या तारा थेट कार्डावर डाग देऊन जोडल्या, जोडांवर नळी चढवून तापवून घट्ट बसवली. पुढच्या मेकॅनिकनं सेन्सर बदलताना मला शिव्या घातल्या तर घालू देत. खोलीच्या हवेच्या सेन्सरचंही तसंच केलं, तोही उद्या हेच नाटक करणार होता. मग पूर्ण कार्डाला वार्निशचे दोन हात. वाळेपर्यंत काकांची खोली तापत चालली होती. काकू आणि लेक दोघी ओल्या चादरी बदलत होत्या, आणि दर थोड्या वेळानं लेक थर्मामीटर लावून माझ्याकडे बघायची. मी वार्निशवर फुंकर मारायला लागले. काका म्हणाले, “घाई करू नकोस. सूर्यनमस्कार घाईनं घातले की कंबर धरते.” मी वार्निश पूर्ण वाळू दिलं.

कार्ड बसवलं. काकूंच्या मदतीनं कूलरचं तोंड जरा ओट्याकडे फिरवलं. त्यांनाच वारा जास्त लागला पाहिजे, दाराला कमी. मग दार सताड उघडलं, कूलर पूर्ण जोरात, एसी सुरू, आणि मी पुन्हा स्टुलावर.

बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. लेक वडिलांच्या उशाशी थर्मामीटर घेऊन बसली. काकू पोळ्यांचं पीठ मळत होत्या. कूलर लावल्यावर जेवढ्या वेळात तो बंद पडायचा तेवढा वेळ झाला. मधेच टिंग झालं आणि आम्ही सगळ्या उडालो, पण ती शेजारच्यांच्या दारावरची बेल होती. एसी चालूच. मी पुन्हा पुन्हा शिडीवर चढून मीटर लावला. इनडोअरच्या डब्यावर दव होतं, प्लगच नव्हता तर ते शिरणार कुठं? निरोप बरोबर जात होता. ऊन कलायला लागलं, समोरच्या भिंतीवर सावली आली, तरी चालूच. काकांनी मान वळवली. काकूंनी कणीक भरल्या हातानंच जाऊन त्यांच्या नाकावरची माशी उडवली आणि परत येऊन पोळी लाटायला घेतली.

“नॉर्मल आहे,” लेक म्हणाली. थर्मामीटर दाखवायला ती ओट्यापाशी आली आणि तिथंच उभी राहिली. मग एकदम माझ्याकडे वळली. “ताई, खरं सांगू? मला वाटत होतं, तुम्हाला नाही सापडलं तर बरं होईल.”

काकूंचं लाटणं थांबलं.

“मे आला की फोन वाजला तरी माझ्या छातीत धस्स होतं. ऑफिसात, रस्त्यात, कहीं भी. आई रोज म्हणते सगळं ठीक, आणि मला माहीत असतं की ठीक नाहीये. मला ह्यांना पुण्याची मजा नव्हती दाखवायची. मला फक्त भीती वाटणं बंद करायचं होतं.” तिनं थर्मामीटर ओट्यावर ठेवला. “आता ते इथंच राहणार. आणि मी तिथं.”

माझ्या मीटरनं मोजता येईल असं त्यात काही नव्हतं. मी म्हटलं, “माझा नंबर घे. आईला विचारायचं नसेल तेव्हा मला विचार. मी खोटं सांगणार नाही. बंद पडला तर पडला म्हणेन, आणि शिडी घेऊन इथं येईन.”

तिनं नंबर घेतला. ओढणीनं तोंड पुसलं. मग हॉलमध्ये जाऊन तिनं बॅगेची चेन उघडली, वडिलांचे सदरे एकेक बाहेर काढून हातावर घेतले आणि काकांच्या खोलीतलं कपाट उघडून लावायला लागली. कूलरची घरघर चालूच होती, काकांचं बोलणं आम्हाला ओट्यापाशी ऐकू येणं शक्य नव्हतं. त्यांनी मान वळवून ओठ हलवले. लेक वाकली, तिनं कान नेला, आणि तिथूनच ओरडून आम्हाला सांगितलं,

“आई, निळा वर ठेव म्हणतायत. उद्या घालायचाय!”